पुलाला रंग लागला, गंज कुणी काढला?

१५ जून २०२५ रोजी, रविवारी दुपारी, मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळा येथे इंद्रायणी नदीवरचा लोखंडी पूल माणसांसकट खाली गेला. चार जण दगावले, पन्नासाहून अधिक जखमी झाले. गावकऱ्यांना व शेतकऱ्यांना नदी ओलांडता यावी म्हणून साधारण तीस वर्षांपूर्वी बांधलेला हा साधा पूल. तो धोकादायक आहे असा फलक लागलेला होता, नव्या पुलासाठी पैसेही मंजूर झालेले होते. पण पावसाळी सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची गर्दी झाली आणि जुन्या लोखंडाला ती पेलली नाही. पूल गंजलेला होता, हे प्राथमिक माहितीच्या आधारे राज्यकर्त्यांनीच सांगितले. मग राज्यातल्या सगळ्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. असेच आदेश २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा पूल वाहून गेला तेव्हाही निघाले होते. तो पूल दगडी होता, हा लोखंडी, एवढाच फरक. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आपल्या मुलखात उगीच रूढ झालेली नाही.

आता सोलापूर जिल्ह्यातले वाचक म्हणतील, हे मावळातले, तिकडे धो धो पाऊस. आपल्याकडे कुठला गंज? आपली हवा कोरडी, पाऊस जेमतेम, लोखंड वर्षानुवर्षे टिकते. हे बोलणे निम्मे खरे आहे. कोकणात समुद्राच्या वाऱ्याने लोखंडाचे जे होते ते माळशिरस-सांगोल्याच्या माळावर होत नाही. पण पूल काही माळावर नसतो. तो ओढ्यावर, नदीवर, नाहीतर कालव्यावर असतो. तिथे ओल बारमाही असते. उजनीचे पाणी आल्यापासून कालव्याच्या कडेच्या कितीतरी जमिनी खारवट आणि चोपण झाल्या, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तोच खार पाझराबरोबर लोखंडी खांबाच्या बुडाशी येतो. पुलावरून खताची पोती जातात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे मिठाचाच भाऊ. एखादे पोते फुटले, वर पाऊस पडला, की लोखंडाला मिठाचे पाणी मिळाले म्हणून समजा. उसाच्या ट्रॉल्यांमधून पाचट पडते, ते सांध्यात अडकून कुजते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद ठेवावा लागला, ते सर्वांच्या लक्षात आहे. पूर ओसरल्यावर पुलाच्या अंगावर राहतो तो गाळ. रस्त्यावरचा गाळ लोक काढतात. खालच्या तुळयांवरचा कोण काढतो?

गंज चढतो तो असाच, कोपऱ्याकोपऱ्यात. मोकळ्या, वाऱ्याला उघड्या पत्र्यावर तो थोडा असतो. पण दोन पट्ट्या जिथे एकमेकीवर बसतात त्या फटीत, तुळई जिथे दगडी खांबावर टेकते त्या जागी, कठड्याचा पाइप जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे, आणि पारव्यांची विष्ठा साचते तिथे तो आतून पोखरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. म्हणून तो पट्ट्या फाकवतो, रिव्हेटची डोकी उडवतो, पापुद्रे सोडतो. वरून जाणाऱ्याला यातले काही दिसत नाही.

थोडा हिशोब करू. ओलसर जागी उघड्या लोखंडाची एका बाजूने वर्षाला ५० मायक्रॉन झीज धरली, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, तर दोन्ही बाजू मिळून दहा वर्षांत एक मिलिमीटर जातो. सहा मिलिमीटरची पट्टी तीस वर्षांत तीन मिलिमीटरची होते. कागदावर मात्र पूल सहा मिलिमीटरचाच राहतो, आणि लग्नाचे वऱ्हाड त्याच कागदाच्या भरवशावर त्यावरून जाते. फटीत आणि गाळाखाली झीज याहूनही वेगाने होते.

यावर आपल्याकडचा इलाज ठरलेला आहे. साहेबांचा दौरा ठरला, यात्रा जवळ आली किंवा मार्चअखेर निधी उरला, की लाल ऑक्साइडचा एक हात आणि वरून पिवळा-काळा किंवा चंदेरी रंगाचा एक हात. खालचा गंज खरवडण्याची तसदी कुणी घेत नाही. फार तर तारेचा ब्रश फिरवल्यासारखे करतात. गंजावर दिलेला रंग म्हणजे ओल्या भिंतीवर दिलेला चुना. दुसऱ्या पावसाळ्यात फुगतो, तिसऱ्यात गळतो. तोवर बिल निघालेले असते आणि ठेकेदार दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. आमच्या मते हा रंग नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. तांबूस दिसणारे लोखंड पाहून माणूस निदान दबकून पाऊल टाकतो. रंगवलेले पाहिले की बिनधास्त ट्रॅक्टर घालतो.

गुजरातमधल्या मोरबीत काय घडले ते आठवा. मच्छू नदीवरचा झुलता पूल डागडुजी करून २६ ऑक्टोबर २०२२ ला लोकांसाठी खुला झाला. ३० ऑक्टोबरला तो तुटला. १३५ माणसे गेली. विशेष तपास पथकाच्या अहवालात आले ते असे : मुख्य तारदोराच्या ४९ तारांपैकी सुमारे २२ गंजलेल्या होत्या, आणि डागडुजीत तो मुख्य दोर बदललाच नव्हता. पायाखालची फळी नवी, वरचा साज नवा, आणि जीव ज्याच्यावर टांगलेला तो दोर जुना. गोव्यात कुडचडे-सावर्डे येथे १८ मे २०१७ ला पोर्तुगीज काळातला, वापरासाठी बंद केलेला जुना पादचारी पूल असाच कोसळला. नदीत उडी घेतलेल्या माणसाचा शोध चालला होता, तो पाहायला लोक त्यावर जमले होते. बंद असा फलक लावला म्हणून पूल लोकांच्या मनातून बंद होत नाही, हेही यातून समजून घ्यावे.

मग करायचे काय? लोखंडाला रंगाआधी दुसऱ्या धातूचे पांघरूण द्यायचे. हे काही परदेशी शास्त्र नाही. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. पितळेच्या पातेल्यात ताक कळकते म्हणून कल्हईवाला यायचा. भट्टी पेटवायचा, भांडे तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा, आणि काळवंडलेले पातेले चांदीसारखे व्हायचे. नवसागर टाकल्याशिवाय कथील धरत नाही, हे त्याला शाळेत न जाता ठाऊक होते. जस्ताच्या कारखान्यातही लोखंड बुडवण्याआधी ज्या क्षारांच्या पाण्यातून काढतात त्यात नवसागर असतोच. युक्ती तीच, भांडे मोठे.

पण कथील आणि जस्त यांत एक मोठा फरक आहे. तो समजला की पुढचे सगळे समजते. तेलाचा पत्र्याचा डबा घ्या. त्यावर कथलाचा पातळ थर असतो. त्याला ओरखडा पडला की तिथून गंज आत शिरतो आणि झपाट्याने पसरतो. जस्ती बादली घ्या. रहाटाला, दगडाला घासून तिच्यावर किती ओरखडे पडतात, पण ओरखड्याच्या जागी ती लगेच गंजत नाही. असे का?

याचे उत्तर डाळिंब आणि द्राक्षबागायतदाराला माहीत आहे, फक्त त्याने ते पुलाशी जोडलेले नाही. बोर्डो मिश्रण करताना मोरचूद लोखंडी भांड्यात का भिजवत नाहीत? कारण लोखंड विरघळते आणि तांबे त्यावर बसते. मिश्रणात चुना पुरेसा पडला की नाही हे पाहायला आपण विळ्याचे पाते त्यात बुडवतो. पात्यावर तांबूस लेप आला तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्या पात्यावर काय घडले? तांब्यासमोर लोखंडाने आपले अंग झिजवले. धातूंची अशी उतरंड आहे. तांब्यापुढे लोखंड झिजते, कथलापुढेही लोखंडच झिजते, पण लोखंड आणि जस्त शेजारी आले तर आधी जस्त झिजते. घरातला थोरला भाऊ कर्ज आपल्या अंगावर घेतो आणि धाकट्याचे शेत वाचवतो, तसे. जस्ताचा थर संपेपर्यंत गंज लोखंडाला सहसा हात लावत नाही. रंग केवळ आडोसा करतो. जस्त आडोसाही करते आणि आडोसा फाटला तर स्वतः पुढे होते. डाळिंबाच्या ताटीला, द्राक्षाच्या मांडवाला आपण जस्ती तार मागून घेतो, दुकानदाराने साधी दिली तर परत करतो. स्वतःच्या बागेला जे कळते ते गावच्या पुलाच्या वेळी का कळू नये?

लोखंडावर जस्त चढवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणे, ज्याला हॉट डिप गॅल्व्हनायझिंग म्हणतात. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या माणसाने त्याचे पेटंट घेतले, म्हणजे आपल्या सोलापुरात १८६० साली आगगाडी आली त्याच्याही आधी. (जस्त भट्टीतून गाळून काढण्याची विद्या तर आपलीच. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे आठशे वर्षांपूर्वी हे काम मोठ्या प्रमाणावर चालत होते, त्या भट्ट्या खोदकामात सापडल्या आहेत. ज्या देशाने जगाच्या आधी जस्त गाळले त्याच देशात गावोगावचे पूल गंजून जावेत, हा विनोद म्हणावा की काय?) जस्त ४१९ अंशांना वितळते. साधारण ४५० अंशांच्या कढईत, आम्लाने धुऊन लख्ख केलेले लोखंड बुडवतात. जस्त नुसते वर बसत नाही, लोखंडात मुरते. म्हणून तो थर रंगासारखा सोलून निघत नाही.

थर किती हवा हेही ठरलेले आहे. भारतीय मानक ४७५९ प्रमाणे पाच मिलिमीटर व त्याहून जाड लोखंडावर चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम जस्त बसले पाहिजे. जाडीत सांगायचे तर सुमारे ८५ मायक्रॉन. समुद्रापासून आणि कारखान्याच्या धुरापासून दूर, स्वच्छ हवेत जस्त वर्षाला साधारण एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी झिजते. म्हणजे उघड्या हवेतल्या भागाची चाळीस-पन्नास वर्षांची बेगमी झाली. वरून रंगाचा थर दिला तर दोघे मिळून आणखी टिकतात, कारण रंग जस्ताला राखतो आणि जस्त रंगाखाली गंज फुगू देत नाही. जस्त लागते तरी किती? दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे एक टन लोखंड घेतले तर दोन्ही बाजूंचे क्षेत्र साधारण साडेपंचवीस चौरस मीटर भरते. त्याला साडेपंधरा किलो जस्त पुरते. हजार किलोचे लोखंड राखायला साडेपंधरा किलो! पिकाला झिंक सल्फेट टाकताना आपण जितका विचार करतो तितकाही विचार अंदाजपत्रक करणारे या साडेपंधरा किलोचा करत नाहीत.

दुसरा मार्ग फवाऱ्याचा. स्वित्झर्लंडच्या शूप याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो काढला. जस्ताची किंवा ॲल्युमिनियमची तार ज्वाळेने किंवा विजेच्या ठिणगीने वितळवायची आणि हवेच्या जोराने लोखंडावर मारायची. मोठी तुळई कढईत मावत नाही, तिला हा उपाय. उभ्या पुलावरही तो करता येतो. मात्र अट कडक आहे. आधी खरखरीत कणांचा मारा करून लोखंड पांढरेफटक काढावे लागते आणि काही तासांतच फवारा द्यावा लागतो. रात्रभर उघडे राहिले, दव पडले, की पुन्हा पहिल्यापासून. फवारा झाल्यावर त्यातली बारीक छिद्रे बुजवणारा लेप आणि मग रंग. या कामात साधी वाळू मारू देऊ नये. तिच्या धुळीने मजुरांच्या छातीचा खुळा होतो. त्यासाठी पोलादी किंवा दुसरी खास खडी मिळते.

रेल्वेने हे फार पूर्वी ओळखले. समुद्राकाठच्या व इतर जास्त गंजणाऱ्या जागच्या गर्डरांना सुमारे १५० मायक्रॉन ॲल्युमिनियमचा फवारा देऊन वर रंग देण्याची पद्धत तिच्याकडे आहे. रामेश्वरचा १९१४ चा पांबन पूल गंजापायी डिसेंबर २०२२ मध्ये गाड्यांना बंद करावा लागला. ६ एप्रिल २०२५ ला नवा पूल सुरू झाला तेव्हा त्याच्या पोलादाला आधी जस्ताचा फवारा आणि वर उत्तम रंग देण्यात आला. जुने अनुभव विसरले नाहीत, म्हणून हे झाले. पूर्वी डब्यांतली घाण थेट खाली पडायची आणि रूळ व पुलाचे लोखंड तिने खाल्ले जायचे, हेही रेल्वेने अनुभवले. रेल्वेकडे पैसा आहे हे खरे. पण पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे तिच्याकडे प्रत्येक पुलाला नंबर आहे, वही आहे आणि ठरल्या वेळी खाली उतरून पाहणारा माणूस आहे. आपल्या ओढ्यावरच्या लोखंडी पुलाची वही कोणत्या कपाटात आहे? पुष्कळ ठिकाणी पूल ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की पाटबंधारे खात्याचा, इथूनच वादाला सुरुवात होते. कालव्यावरच्या लोखंडी पायपुलांचे तर आई-बापच सापडत नाहीत.

पुलाइतकीच मोठी गोष्ट म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची दारे, म्हणजेच बर्गे. भीमा आणि सीनेकाठच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने गंजाचा खरा घाला इथे पडतो. बंधारा म्हणजे अर्धा पूलच, त्यावरून गाव ये-जा करते. त्याची दारे वर्षातले काही महिने पाण्यात आणि उरलेले काठावर ढीग मारून पडलेली असतात. ओले-कोरडे, ओले-कोरडे. लोखंडाला याहून वाईट दुसरे काही नाही. दाराच्या कडा खाल्ल्या गेल्या की फटी पडतात. मग फटीत पाचट, माती, प्लॅस्टिकचे कागद कोंबायचे. तरी पाणी वाहून जाते ते जातेच. मार्चमध्ये डोह कोरडा पडला की लोक वरच्या गावाला नाहीतर उजनीवाल्यांना शिव्या घालतात. निम्मे पाणी आपल्याच दारांच्या भोकांतून गेले याची नोंद कुणी ठेवत नाही. आणि गंजून वेडीवाकडी झालेली दारे पुराच्या वेळी खाचेतून निघत नाहीत. मग पाण्याला वाट मिळत नाही आणि बंधाऱ्याच्या बगलेची शेती खरडून जाते. काही ठिकाणी फायबरच्या दारांचे प्रयोग झाले आहेत, त्यांना आमचा विरोध नाही. पण जिथे लोखंडी दारेच करायची तिथे ती जस्तात बुडवूनच घ्यावीत. दार लहान असते, कढईत सहज मावते, एका ट्रकमध्ये किती तरी जातात. फक्त पाण्यात बुडणाऱ्या लोखंडावर जस्त हवेतल्यापेक्षा लवकर झिजते. म्हणून दारांना वरून चांगला इपॉक्सी रंगही हवा आणि दर हंगामाला नजर हवी.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, "खर्च वाढतो." वाढतो, नाकारण्यात अर्थ नाही. लोखंड कारखान्यापर्यंत न्यायचे, आणायचे, किलोमागे दर द्यायचा. परंतु तुलना कशाशी करायची? बिनजस्ताच्या पुलाशी करून चालणार नाही. बिनजस्ताचा पूल, अधिक दर काही वर्षांनी खरवडणे, मजुरी, पाड, रंग, आणि ते न केल्यास तीस वर्षांनी नवा पूल, या सगळ्याशी तुलना केली पाहिजे. गावाला नवा पूल एकदाच मिळतो. रंगाचा निधी दर पाच वर्षांनी मिळेलच याची हमी कोणता सरपंच देईल? ज्या गावाकडे देखभालीला पैसा नाही त्याच गावाला जस्ताची गरज सर्वांत जास्त आहे. श्रीमंताने साधे लोखंड वापरून दरवर्षी रंग द्यावा, त्याला परवडते.

दुसरे उत्तर म्हणजे, "दरसूचीत बसत नाही." ही सबब खरी नाही. गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे काम सरकारी खात्यांना नवे नाही. विजेचे मनोरे, महामार्गाच्या कडेचे लोखंडी अडथळे, सौर पंपाचे सांगाडे हे सगळे जस्ती असते. शेतातल्या सौर पंपाचा सांगाडा जस्ती आणि त्या शेताकडे जाणारा पूल लाल ऑक्साइडचा, असे चित्र आपल्यासमोर आहे. मागितले तर बसते. मागणाराच नसतो.

मागताना मात्र नेमके मागावे. अंदाजपत्रकात नुसते "गंजरोधक रंग" लिहिले की संपले, त्यात काहीही खपते. "भारतीय मानक ४७५९ प्रमाणे हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, चौरस मीटरला किमान ६१० ग्रॅम" असे शब्द पडले पाहिजेत. बोल्ट-नटही जस्तीच हवेत. पूल जस्ती आणि बोल्ट काळे, असा प्रकार सर्रास चालतो आणि मग पूल सांध्यातून जातो. भोके पाडणे, जोडकाम करणे हे सगळे बुडवण्याआधी उरकावे. जागेवर आणून वेल्डिंग केले की तिथले जस्त जळते. (जळत्या जस्ताच्या धुराने वेल्डरला ताप भरतो, तेव्हा त्याच्यासाठीही हे बरे नाही.) नाइलाजाने केलेच तर ती जागा घासून जस्तयुक्त रंगाने भरून घ्यावी. कठड्याचे पाइप दोन्ही टोकांना बंद केले असतील तर आतली हवा कढईत तापून पाइप फुटतो. म्हणून त्यांना आधीच भोके ठेवावी लागतात, हे गावातल्या फॅब्रिकेटरला सांगून ठेवा. आणि जस्ती माल पावसात एकावर एक रचून ठेवू नका. मधे हवा नसली की त्यावर पांढरा गंज चढतो.

फसवणूक कशी ओळखायची? चंदेरी ॲल्युमिनियम रंग मारून "जस्ती आहे साहेब" म्हणणारे महाभाग कमी नाहीत. खिळ्याने ओरखडा काढा. रंग असेल तर पापुद्रा निघून खाली काळे किंवा तांबूस लोखंड दिसेल. जस्त असेल तर ओरखडाही चकचकीत धातूचाच दिसेल. पण खरी परीक्षा म्हणजे जाडी मोजण्याचे यंत्र. ते हातात मावते, लोखंडाला टेकवले की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवते, थराला इजा करत नाही. प्रत्येक पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात असे एक यंत्र असावे, अशी आमची मागणी आहे. तोवर सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना विचारावे, त्यांची मुले शिकण्यासाठीही आनंदाने येतील. दहा-वीस ठिकाणचे आकडे मोजमाप पुस्तिकेत लिहिले गेल्याशिवाय शाखा अभियंत्याने बिलावर सही करू नये आणि सरपंचाने काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये.

जस्ताकडून भलत्या अपेक्षाही नकोत. जे लोखंड आधीच खाल्ले गेले ते जस्त भरून देत नाही. चाळणी झालेल्या तुळईला फवारा देणे म्हणजे पुन्हा रंगरंगोटीच. अशा पुलाची आधी अभियंत्याकडून तपासणी, गरज असेल तर पट्ट्या बदलणे, आणि ते होणार नसेल तर रस्ता खरोखर बंद करणे. खरोखर म्हणजे फलक नव्हे, दोन्ही टोकांना भिंत. जस्त आम्लापुढे टिकत नाही. ज्या ओढ्यात कारखान्याचे मळीचे सांडपाणी उतरते तिथे ते लवकर जाईल, आणि तिथला प्रश्न पुलापेक्षा ओढ्याचा आधी आहे. पुराच्या लोंढ्याला, वाजवीपेक्षा जास्त भरलेल्या उसाच्या ट्रॉलीला, पुलाखालून वाळू उपसून उघड्या पडलेल्या पायाला जस्त काय करणार?

राहिला प्रश्न नव्या कामांच्या वेळेचा. बंधाऱ्याची दारे पावसाळ्याच्या तोंडावर निघतात आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात पुन्हा बसतात. मधले चार महिने ती काठावर नुसती पडून असतात. कारखान्यात नेऊन बुडवून आणण्याचे काम याच चार महिन्यांत झाले पाहिजे, कारण कढई छपराखाली असते, तिला पावसाची अडचण नाही. उभ्या पुलावरच्या फवाऱ्याचे उलट आहे. त्याला कोरडी हवा लागते, ते काम दिवाळीनंतर धरावे. दोन्हींसाठी अंदाजपत्रक आणि मंजुरीला वेळ जाणार, म्हणून १ मेच्या ग्रामसभेची वाट न पाहता २६ जानेवारीच्याच सभेत विषय घ्यावा. गावच्या हद्दीतले सगळे लोखंडी पूल, कालव्यावरचे पायपूल आणि बंधाऱ्याची दारे यांची यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्याआधी करावी. प्रत्येकासमोर तीन रकाने पुरेत : कुणाच्या मालकीचे, कोणत्या साली बसवले, आणि खाली उतरून शेवटचे कुणी व कधी पाहिले. तिसरा रकाना बहुतेक गावांत कोराच राहील. तो तसाच कोरा ठेवून ठरावासोबत पंचायत समितीकडे पाठवावा.